लहान मुलाची खुर्ची नुसत्या स्क्रूंवर भागेल का?

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पंधरा किलोच्या मुलासाठी सागवानाला कुसू-खोबण (एका लाकडाच्या टोकाला जीभ, ती कुसू; दुसऱ्यात ती बसेल अशी खाच, ती खोबण) पाडणं ही नुसती हौस, 18 मि.मी. प्लायवूड आणि डझनभर स्क्रूंत हलकी खुर्ची दोन तासांत होते. मागचे पाय तिरके ठेवणं ही शोभा. शेवटी आंब्याच्या फळ्यांबद्दलही विचारलंत.

हलकेपणाचं गणित उलटं आहे. 30×30 मि.मी.चे पाय आणि 45×18 मि.मी.च्या आडव्या पट्ट्या धरल्या तर सागवानी खुर्ची पावणेतीन किलोच्या आसपास जाते. दोन बाजू, बैठक आणि पाठ अशी 18 मि.मी. प्लायची पेटीवजा खुर्ची साडेतीन किलोंपर्यंत.

खरा प्रश्न सांध्याचा. मूल नुसतं बसतं तेव्हा कुठलीही खुर्ची टिकते. ते टेबलाला पाय लावून मागे रेटतं, तेव्हा पाठ पहारीसारखी काम करते. पाय आणि पट्ट्यांची लाकडी चौकट नुसत्या स्क्रूंनी जोडली असेल, बैठकीच्या वर 25 सें.मी.वर दहा किलोचा जोर आला आणि पट्टीतल्या दोन स्क्रूंमध्ये अडीच सें.मी. अंतर असलं, तर जोर दहापट होतो. दोन्ही बाजूंना वाटला तरी एका स्क्रूवर 50 किलोंची ओढ. स्क्रू पायातून पट्टीच्या टोकात, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या (तंतूंच्या) दिशेने गेलेला असतो. तिथे आटे रेषा कापत जातात, त्यामुळे पकड कमी. आधी किंचित खेळ येतो, मग भोक मोठं होतं, मग स्क्रू आवळून उपयोग नाही. शिवाय घरी आलेला एखादा काका त्यावर बसून बघतोच.

कुसू पट्टीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, म्हणजे 6 मि.मी. जाड आणि 20 मि.मी. लांब; खोबण 21 मि.मी. खोल, तो एक मि.मी. जास्तीच्या गोंदासाठी. एका पायात दोन बाजूंनी खोबणी येतात आणि आत एकमेकींना भिडतात, म्हणून कुसवाची टोकं 45 अंशांत कापा. सागवानात तेल असतं. गोंद लावायच्या थोडं आधी कुसू थिनरने पुसून घ्या, नाहीतर सांधा सुकल्यावर सुटतो.

बैठक चारही बाजूंनी गोंदाने चिकटवू नका. 25 सें.मी. खोलीची फळी पावसाळा-उन्हाळ्यात रेषांच्या आडव्या दिशेने दोनेक मि.मी. फुगते-आकसते. तिच्या रेषा डावीकडून उजवीकडे ठेवा. पुढच्या पट्टीला ती पक्की करा, बाजूच्या पट्ट्यांत लांबट भोकं पाडून खालून स्क्रू द्या आणि मागच्या पायांसाठी फळीत कापलेल्या खाचेत 2-3 मि.मी. फट सोडा. जिथे फळी जखडली जाते, तिथेच ती तडकते.

मागचे पाय शोभेसाठी नाहीत. त्यांची टोकं बैठकीच्या मागच्या कडेच्या 4-5 सें.मी. मागे टेकली, तर मूल रेललं तरी खुर्ची सहसा उलटत नाही. तुमच्या प्लायच्या खुर्चीलाही हे लागू आहे: बाजूंचा खालचा भाग तेवढाच मागे वाढवा.

प्लाय वाईट नाही, प्लायच्या कडेत घातलेला स्क्रू वाईट. तो थर उकलतो. 12 मि.मी. प्लाय घ्या, बाजूंना 4 मि.मी. खोल खाच पाडून बैठक त्यात बसवा आणि खालच्या कोपऱ्यात 20×20 मि.मी. लाकडी पट्टी गोंद लावून प्लायच्या सपाट पृष्ठातून स्क्रूने धरा. वजन अडीच किलोंच्या आत राहील. दोन तासांत मात्र होणार नाही, गोंदाला रात्रभर द्या.

उंची पुस्तकातून घेऊ नका. मूल अनवाणी उभं करून जमिनीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत मोजा आणि एक सें.मी. कमी करा. तीन-चार वर्षांच्या मुलाला बहुधा 24 ते 26 सें.मी. येते.

आंबा चालेल, पण नीट वाळलेला आणि कीड लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केलेला. त्याला भुंगा लवकर लागतो: बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर ती फळी सोडा. जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाचं फडकं चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा.