अकरा किलोचा टॉर्क आणि दुधाची पिशवी

कालपासून डोकं फिरलंय. ज्या माणसाने आयुष्यात टीव्हीच्या रिमोटशिवाय दुसरा रिमोट धरलेला नाही, त्याने पार्किंगमध्ये दहा लोकांसमोर माझ्या आरसी, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या खेळण्यातल्या, ट्रकचं स्टेअरिंग दुरुस्त केलं.

ट्रक एक दशांश मापाचा. सरळ सोडला की चौथ्या गाडीपर्यंत डावीकडे जातो, रिमोटवरची ट्रिम (चाकं सरळ करायची कळ) फिरवली की उजवीकडे. मला वाटलं जुना प्लास्टिक गिअरचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) दमला. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, एमजी९९६आर सर्व्हो आणला, मेटल गिअर, ६ व्होल्टला ११ किलो-सेंटिमीटर टॉर्क, वळवायचं बळ (म्हणजे कागदावर). दुकानदाराने विचारलं, "मुलाच्या प्रोजेक्टला का?" मी हो म्हणालो. दरवेळी हो म्हणतो. त्रेचाळिसाव्या वर्षी दुकानात उभं राहून "माझाच आहे" म्हणायला जी छाती लागते ती अजून कुठल्या गल्लीत मिळाली नाही. बरं, घरी येऊन बघतो तर याला २५ दात्यांचा हॉर्न (मोटरवर बसणारा छोटा दांडा) लागतो आणि जुना बसत नाही, परत गल्ली, परत "काय, प्रोजेक्ट झाला का?"

एवढं करून बसवला तर चाक पूर्ण वळल्यावरही हा रेटतोच आहे, गुंऽऽ गुंऽऽ. रिमोटवर एंडपॉइंट (चाक कुठवर वळायचं ती हद्द) कमी केले तेव्हा गप्प झाला. ट्रक मात्र डावीकडेच.

आणि तिथे सोसायटीतले काका आले. एसटीतून रिटायर्ड ड्रायव्हर. पाच मिनिटं हाताची घडी घालून नुसते बघत होते, ते बोलण्यापेक्षा वाईट.

"प्ले आहे," म्हणाले.

"काका, नवीन सर्व्हो टाकलाय."

"मोटर नवी टाक नाहीतर इंजिन टाक. प्ले आहे." मग खाली बसले, गुडघे कडकड वाजले, ट्रक उलटा केला, दोन बोटांत पुढचं चाक धरून हलवलं. सर्व्हो गप्प आणि चाक खुळखुळतंय, हाच तो प्ले. "हे बघ. खंबाटकीला पॉवर स्टेअरिंग नसलेली गाडी काढायचो, तेव्हा एवढा प्ले असता तर आज हे सांगायला मी नसतो."

"तो सर्व्हो सेव्हर असतो काका, स्प्रिंग, झटका बसला की..."

"स्प्रिंग नाही रे. टाय रॉडच्या टोकाचा गोळा बघ, वाटीत नाचतोय." गोळा खरंच नाचत होता. "दुधाची पिशवी आण."

"काय?"

"रिकामी. धुतलेली."

बायकोने वरून टाकली, तेही हसत. काकांनी नखाएवढा तुकडा कापून वाटीत ठेवला, त्यावर गोळा दाबला, टक्. चारही टोकांना तेच. ट्रक सरळ गेला. गेटपर्यंत सरळ गेला हो! वॉचमनने टाळ्या वाजवल्या, कशाला वाजवल्या माहीत नाही, त्याला सांगितलं कोणी होतं.

सर्व्होचे पैसे गेले, गल्लीच्या दोन खेपा गेल्या, आणि सोसायटीत आता बोलताना "काकांनी बनवलेला ट्रक" म्हणतात. आज सकाळी लिफ्टमध्ये सेक्रेटरीसमोर काकांनी विचारलं, "काय रे, ग्रीसिंग केलंस का?"

केलं होतं. पण नाही म्हणालो.