‘एचओए कोंबड्या अडवूच शकत नाही’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

टेक्सासमधल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज गेले कित्येक दिवस फिरतोय. तुम्हालाही आला असेलच. थोडक्यात त्यात असं म्हटलंय: २०२३ मध्ये टेक्सासची राज्यघटना बदलली, आता प्रत्येकाला स्वतःच्या जागेत शेती करायचा हक्क आहे, त्यामुळे एचओए (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) बॅकयार्डमधल्या कोंबड्यांना हात लावू शकत नाही. सिटीची परवानगी असली की झालं. तरीही त्रास दिला तर ऑनलाइन ‘मानसिक आधारासाठी पाळलेला प्राणी’ म्हणजे इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमलचं सर्टिफिकेट काढा. पत्रं आली तर उत्तरच देऊ नका, फार तर दंड लावतील आणि दंडासाठी घर जात नाही. शिवाय घरची अंडी फुकट, आणि घरच्या कोंबड्यांना बर्ड फ्लू होत नाही.

हा मेसेज माझ्या आतेबहिणीच्या घरी पोचला. ती डॅलसच्या उत्तरेला राहते, नवीन सबडिव्हिजन (घरांची वसाहत) आहे, घरं एकमेकांना चिकटून. भावोजींनी मेसेज वाचला आणि त्याच वीकेंडला सहा पिल्लं, हीट लॅम्प आणि एक मोठं लाकडी खुराडं घेऊन आले. पिल्लं गराजमध्ये खोक्यात वाढली, भाचीने सगळ्यांना नावं ठेवली, मग खुराडं फेन्सच्या कडेला गेलं आणि थोड्याच दिवसांत एचओएचं सर्टिफाइड पत्र आलं. आता भावोजी म्हणतात की मी हाच मेसेज प्रिंट करून उत्तर म्हणून पाठवतो. म्हणून हे लिहितेय, कारण फोनवर समजावून माझा घसा बसला.

आधी घटनेचं. दुरुस्ती खरी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रपोझिशन १ वर, म्हणजे या दुरुस्तीच्या प्रस्तावावर, मतदान झालं आणि ते दणदणीत मतांनी पास झालं. स्वतःच्या किंवा भाड्याने घेतलेल्या जमिनीवर शेती, पशुपालन, बागायती वगैरे सर्वमान्य पद्धतीने करायचा हक्क त्यात दिलाय. पण हा हक्क कुणाविरुद्ध? तो टेक्सासच्या घटनेतल्या बिल ऑफ राइट्समध्ये, म्हणजे नागरिकांच्या हक्कांच्या भागात, घातलाय, आणि त्याच आर्टिकलचं कलम २९ सरळ सांगतं की यातले हक्क सरकारच्या अधिकारांच्या बाहेर काढून ठेवलेत. म्हणजे ही सरकारवरची बंधनं आहेत. त्याच वर्षी जो राइट टू फार्मचा कायदा सुधारला तोही मुख्यतः सिटीने शेतीवर किती नियम लादायचे याबद्दल आहे. तुमचा एचओए म्हणजे सरकार नव्हे, तो तुम्ही घर घेताना मान्य केलेला करार आहे. राज्याने तुम्हाला एखाद्या गोष्टीचा हक्क दिला आणि तुम्ही खाजगी करारात ‘मी ती करणार नाही’ असं मान्य केलं, तर घटना येऊन तो करार फाडत नाही.

‘मी असं काही मान्य केलंच नाही’ असं भावोजी म्हणाले. केलंय. घराच्या क्लोजिंगची (खरेदीच्या वेळची) फाइल काढा, त्यात टायटल कमिटमेंट, म्हणजे मालकीहक्काच्या विम्याआधीचा कागद असेल, तिचं शेड्यूल बी उघडा. पहिलाच आयटम रिस्ट्रिक्टिव्ह कव्हेनंट्सचा, म्हणजे जागेच्या वापरावरच्या बंधनांचा असतो, आणि तिथे काउंटी क्लर्ककडे ते कागद कुठे नोंदवलेत त्याचा नंबर असतो. तो नंबर घेऊन डिक्लरेशन, म्हणजे सबडिव्हिजनच्या या नियमांचा नोंदवलेला कागद, काढलं की प्राण्यांचं कलम सापडतं. टेक्सासच्या बहुतेक सबडिव्हिजन्समध्ये त्याचा मजकूर साधारण सारखाच असतो: कुठल्याही प्रकारचे प्राणी, लाइव्हस्टॉक किंवा पोल्ट्री पाळता येणार नाही, अपवाद कुत्री, मांजरं आणि इतर घरगुती पेट्स. ‘मग कोंबडी माझी पेटच आहे’ हाही मुद्दा त्या मेसेजमध्ये कुणीतरी नंतर जोडलाय. अहो, ज्या वाक्यात पोल्ट्रीला नाव घेऊन नाही म्हटलंय त्याच वाक्याच्या शेपटात ती पेट म्हणून परत कशी येईल? कलमात पोल्ट्री हा शब्दच नसेल तर थोडी जागा आहे, ते मान्य. पण ते आधी वाचून बघा ना, पिल्लं आणल्यावर कशाला?

इथे एक गोष्ट मला फार वेळा दिसते. आपण एचओएला पुण्या-मुंबईच्या बिल्डिंगच्या सोसायटीसारखं समजतो, की कमिटीवाल्यांशी एजीएममध्ये वाद घालायचा, दोन वर्षं मेंटेनन्सवरून कुरकुर करायची आणि मग सगळं थंड होतं. इथे मागे वकील असतो, आणि घराच्या टायटलवर लीन, म्हणजे थकबाकीचा बोजा, लागू शकतो. हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे.

सिटीचा मुद्दा तर एका ओळीत संपतो. सिटीची परवानगी आणि एचओएची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्हाला दोन्ही लागतात. डॅलस सिटीत कोंबड्या चालतात, कोंबडा चालत नाही. पण त्या सिटीतल्या एखाद्या सबडिव्हिजनचं डिक्लरेशन नाही म्हणत असेल तर तिथे नाहीच.

खरा संताप मला पुढच्या मुद्द्याचा आलाय, इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमलचा. त्या मेसेजमध्ये लिंकही आहे, पैसे भरा, दहा प्रश्नांची उत्तरं द्या, सर्टिफिकेट ईमेलने येतं. ‘डिप्रेशन लिहा, कुणी विचारत नाही’ असं शब्दशः मराठीत लिहिलंय. हे लिहिणाऱ्याला जराही काही वाटलं नाही का?

नीट समजून घ्या. फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट हा १९६८ चा कायदा, त्यात १९८८ मध्ये अपंगत्वाचं संरक्षण आलं. ज्या माणसाला खरंच अपंगत्व आहे, मानसिक आजारही त्यात आला, आणि त्यासाठी प्राण्याची गरज आहे, त्याच्यासाठी घरमालकाने किंवा एचओएने नियमाला वाजवी अपवाद करावा असा त्याचा अर्थ. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने, म्हणजे हडने, २८ जानेवारी २०२० ला यावर एक सविस्तर नोटीस काढली होती, आणि त्यात आपल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नाव घेऊन दिलं होतं. घरात सर्वसाधारणपणे पाळले जाणारे प्राणी कोणते याची यादी होती: कुत्रा, मांजर, छोटा पक्षी, ससा, हॅम्स्टर, मासे, कासव वगैरे. आणि लगेच पुढे लिहिलं होतं की बार्नयार्डमधले प्राणी, माकडं, कांगारू हे त्यात धरले जात नाहीत. असा वेगळा प्राणी मागायचा असेल तर याच विशिष्ट प्राण्याची उपचार म्हणून गरज आहे हे दाखवायची भारी जबाबदारी मागणाऱ्यावर टाकली होती. पैसे भरून कुणालाही सर्टिफिकेट देणाऱ्या वेबसाइट्सबद्दलही त्यात होतं, की तसला कागद तेवढ्यावर विश्वासार्ह पुरावा ठरत नाही. तुम्हाला खरंच उपचार चालू असतील, तुमच्या डॉक्टरला किंवा थेरपिस्टला वाटत असेल की कोंबडीच हवी, तर त्यांच्याकडून लिहून घ्या आणि रीतसर मागणी करा, तो तुमचा हक्क आहे आणि मी त्याच्या आड येणार नाही. पण तशी माणसं या मेसेजच्या वाचकांत किती असतील?

आणि खोटं बोलायचे परिणाम फक्त तुमच्यापुरते नसतात. आपल्या लोकांत मानसिक आजाराबद्दल बोलायलाच आधी कोण तयार नसतं, घरातली मोठी माणसं ‘त्यात काय एवढं’ म्हणतात, मुलंमुली वर्षानुवर्षं लपवतात. अशा घरातला एखादा खरा पेशंट धीर करून आपल्या कुत्र्यासाठी एचओएकडे कागद घेऊन जातो, तेव्हा त्याच्या आधी तीन जणांनी कोंबड्यांसाठी खोटी सर्टिफिकेट्स दिलेली असतील तर त्याच्याकडे कुठल्या नजरेने बघतील? शिवाय तुम्ही स्वतः ज्याच्यावर सही करून पाठवलं तो कागद पुढे कोर्टात गेला तर तुमचाच वकील कपाळाला हात लावेल. भावोजींनी हे करायचं ठरवलं असतं तर मी बहिणीला सांगून ते बंद पाडलं असतं, आणि ज्यांनी कुणी फॉर्म भरलाय त्यांनी तो पाठवू नका एवढी हात जोडून विनंती.

आता ‘पत्रांना उत्तरच देऊ नका’. हा सल्ला पैशाच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारा आहे. मेसेजमधला अर्धा भाग खरा आहे, नाइलाजाने कबूल करते: टेक्सास प्रॉपर्टी कोडच्या २०९.००९ प्रमाणे थकबाकी फक्त दंडाची किंवा दंडापायी झालेल्या वकिलाच्या खर्चाची असेल, तर एचओए तेवढ्यासाठी घर फोरक्लोज (जप्त करून विक्री) करू शकत नाही. पण एचओएला घर घ्यायचंच नसतं, त्यांना कोंबड्या हलवायच्या असतात, आणि त्यासाठी ते कोर्टातून मनाई हुकूम मागतात. तिथे त्याच कोडचं कलम २०२.००४ लागतं. एचओएने आपला अधिकार वापरला तर तो वाजवी होता असंच कोर्ट धरून चालतं, मनमानी किंवा भेदभाव झाला हे तुम्ही सिद्ध करायचं. नियम मोडल्याबद्दल कोर्ट दिवसाला २०० डॉलरपर्यंत नुकसानभरपाई लावू शकतं. आणि कलम ५.००६ प्रमाणे कव्हेनंट मोडल्याचा दावा करणारा जिंकला तर त्याच्या वकिलाची वाजवी फी कोर्ट तुमच्याकडून देववतं. सहा कोंबड्यांसाठी दोन्ही बाजूंच्या वकिलांचं बिल तुम्ही भरणार आहात का?

‘शेजारच्या गल्लीत एकाकडे आहेत, त्यांना काही म्हणत नाहीत’ यात मात्र थोडा दम आहे. एचओएने तोच नियम बरीच वर्षं बऱ्याच जणांना मोडू दिला असेल तर त्यांनी तो सोडून दिला असा मुद्दा मांडता येतो. त्याला फोटो लागतात, तारखा लागतात, एकच घर असून भागत नाही. आणि त्या बिचाऱ्या शेजाऱ्याच्या दारात तुम्ही पत्र आणून ठेवता ते वेगळंच.

अंडी फुकट वगैरे सोडून द्या. मार्च २०२५ मध्ये दुकानात डझनाचा सरासरी भाव ६.२३ डॉलरपर्यंत गेला, त्याच्या आधीच्याच महिन्यात कृषिमंत्री ब्रूक रोलिन्स यांच्या एक अब्ज डॉलरच्या योजनेत घरी कोंबड्या पाळणाऱ्यांचे अडथळे कमी करायची भाषा होती, त्यामुळे लोकांना हे सुचणं साहजिक आहे. पण पिल्लू अंडं द्यायला लागेपर्यंत साडेचार-पाच महिने जातात, दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, दोन-तीन वर्षांनी आटतात, कधी खुडूक बसतात, आणि खुराडं, खाद्य, रॅकून आत शिरू नये म्हणून जाळी हे सगळं विकतच येतं. स्वस्तातली ‘स्ट्रेट रन’ (नर-मादी न निवडलेली) पिल्लं घेतली तर साधारण निम्मे कोंबडे निघतात. ‘पुलेट’ (मादी) म्हणून घेतली तरी एखादा चुकून येतोच. आमच्याकडच्या सहांतला एक आता सकाळी पाचला आरवायला शिकतोय, बहुधा त्यानेच पत्र आणलं.

बर्ड फ्लूचं मात्र सोडून देता येत नाही, कारण त्या ग्रुपवर आजी-आजोबा आहेत आणि लहान मुलं असलेली घरं आहेत. अमेरिकेत एच५एन१ ने, म्हणजे याच बर्ड फ्लूच्या विषाणूने, पहिला माणूस दगावला तो जानेवारी २०२५ मध्ये, लुइझियानात. वय ६५ च्या वर, आधीचे आजार होते, आणि संपर्क आला होता तो घरच्याच बॅकयार्डमधल्या कोंबड्यांशी आणि जंगली पक्ष्यांशी. फेन्सवर बसणारे आणि पाण्याच्या भांड्यात चोच घालणारे पक्षी तुमच्या एचओएची परवानगी घेऊन येत नाहीत. त्याहून रोजचा धोका साल्मोनेलाचा, म्हणजे पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा. सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, २०२० मध्ये घरगुती कोंबड्या-बदकांशी जोडलेल्या १,७२२ केसेस मोजल्या. पाच वर्षांखालच्या मुलांनी पिल्लांना हात लावू नये, कोणीही त्यांचे पापे घेऊ नयेत, हात लावला की साबणाने धुवा, हे सीडीसी दरवर्षी सांगतं. भाचीचा पिल्लू गालाला लावलेला फोटो फॅमिली ग्रुपवर आला तेव्हा पन्नास हार्ट्स पडले होते, हात धुतलेस का असं एकानेही विचारलं नाही.

मला कोंबड्यांचा राग नाही, उलट मला हव्या आहेत. माझ्या आजोळी संध्याकाळी त्या आपोआप परतायच्या आणि मामी एकेकीला उचलून डालग्याखाली सरकवायची, ती ऊब आणि तो कोंड्याचा वास मला अजून येतो. म्हणून सांगते की कायदा तुमच्या बाजूने आहे तो कुठे आहे ते बघा. प्रॉपर्टी कोडच्या चॅप्टर २०२ मध्ये एचओएला काय अडवता येत नाही ते लिहिलंय: कंपोस्ट, पावसाच्या पाण्याची पिंपं, सोलर पॅनल, धार्मिक चिन्हं, झेंडे. लोकांनी मागण्या केल्या, आमदारांनी बिलं आणली, म्हणून एकेक आत आलं. कोंबड्या तिथे नाहीत. त्या आणायच्या असतील तर तुमच्या स्टेट रिप्रेझेंटेटिव्हला फोन करा, ग्रुपवरच्या पाचशे जणांनी केला तर तो ऐकेल.

जवळचा रस्ता म्हणजे स्वतःचं डिक्लरेशन बदलणं. कलम २०९.००४१ प्रमाणे त्याला एकूण मतांच्या ६७ टक्के लागतात, डिक्लरेशनमध्ये त्याहून कमी लिहिलं असेल तर तेवढी पुरतात. एकूण मतांच्या बरं का, मीटिंगला आलेल्यांच्या नव्हे, म्हणजे जो मत देत नाही तो विरोधातच धरा. त्यामुळे दारोदार जावं लागेल. चार कोंबड्या, कोंबडा नाही, खुराडं फेन्सपासून ठरावीक अंतरावर, असा साधा मसुदा घेऊन गेलात तर लोक निदान ऐकून घेतात.

आणि ज्यांना पत्र ऑलरेडी आलंय त्यांनी पत्र पाठवल्याची तारीख आज बघा. २०९.००६ आणि २०९.००७ प्रमाणे त्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत लेखी सुनावणी मागता येते. मागितलीत तर बोर्डाने सुनावणीच्या किमान १० दिवस आधी तुमच्याविरुद्धचे फोटो, कागद, ईमेल्स असं सगळं तुम्हाला द्यायचं असतं, नाही दिलं तर १५ दिवसांची मुदतवाढ मिळते. त्या सुनावणीत पिल्लांसाठी दुसरं घर शोधायला महिना-दोन महिने मागा, ते मागण्यात काही कमीपणा नाही. बहिणीच्या पत्राचे अकरा दिवस उरलेत, अर्ज मी लिहून दिलाय, भावोजींनी फक्त सही करून सर्टिफाइड मेलने पाठवायचाय.