होबोकेनचा कर्नल आणि गिरगावचे नाना

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या मुंबई सेंट्रल गाजतंय. स्टेशनला नाना शंकरशेटांचं नाव द्यावं ही मागणी जुनीच, पण गिरगावच्या मामांनी ती पुन्हा उकरून काढली. "नाना नसते तर रेल्वे आलीच नसती!" त्यावर पुण्याचा मामेभाऊ म्हणाला, "रेल्वे इंग्रजांनी आणली, कापूस बंदरावर न्यायला. नाना फार तर भागधारक." मामा चिडले, मामींनी गणपतीचा फोटो टाकून विषय बदलायचा प्रयत्न केला, तो फसला.

हे सगळं मी वाचते ते न्यू जर्सीतल्या होबोकेनहून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला जाणाऱ्या फेरीत. याच पाण्यावर ऑक्टोबर १८११ मध्ये वाफेवरची फेरी सुरू झाली. बोटीचं नाव 'ज्युलियाना', मालक कर्नल जॉन स्टीव्हन्स. होबोकेनची जमीनच या माणसाची. इंग्लंडच्या राजाच्या बाजूच्या एका घराण्याची जप्त झालेली ही मालमत्ता त्याने १७८४ मध्ये लिलावात घेतली होती.

त्याच्या 'फिनिक्स' बोटीची गोष्ट मला फार आवडते. न्यूयॉर्कच्या पाण्यावर आगबोटी चालवायचा मक्ता आगबोटवाला रॉबर्ट फुल्टन आणि त्याचा भागीदार लिव्हिंग्स्टन यांच्याकडे होता, आणि हा लिव्हिंग्स्टन म्हणजे स्टीव्हन्सच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. घरातच भाऊबंदकी! बोट तयार, पण चालवायची कुठे? शेवटी जून १८०९ मध्ये ती समुद्रमार्गे फिलाडेल्फियाला पाठवली. खुल्या समुद्रातून गेलेली ती पहिली आगबोट. पराक्रम खराच, पण परवाना नव्हता म्हणून घडलेला.

रेल्वेचंही तसंच. न्यूयॉर्कमध्ये हडसन नदी आणि एरी सरोवर जोडणाऱ्या एरी कालव्याची चर्चा चालू असताना, १८१२ मध्ये, त्याने पुस्तिका छापली: कालवा नको, लोखंडी रुळांवर वाफेची गाडी चालवा. कोणी ऐकलं नाही, कालवाच खणला. १८१५ मध्ये न्यू जर्सीने त्याला रेल्वेची सनद दिली, अमेरिकेतली पहिली. पण पैसे घालायला कोण पुढे येणार? रूळ पडलेच नाहीत. मग १८२५ मध्ये, पंच्याहत्तरीच्या घरातल्या या म्हाताऱ्याने होबोकेनमधल्या आपल्याच जागेत गोल रूळ टाकून त्यावर इंजिन फिरवून दाखवलं. कुठेही न जाणारी गाडी! तरी अमेरिकेत बांधलेलं, रुळांवर धावलेलं ते पहिलं वाफेचं इंजिन.

इथवरची गोष्ट मामांना आवडेल. पुढची मामेभावाला. १८३० मध्ये स्टीव्हन्सच्या मुलांना कॅमडेन-अँबॉय रेल्वेची सनद मिळाली. लवकरच न्यूयॉर्क-फिलाडेल्फिया वाहतुकीची मक्तेदारीही मिळाली आणि बदल्यात राज्याच्या तिजोरीत वाटा जाऊ लागला. पुढे लोक न्यू जर्सीला चिडवून 'कॅमडेन आणि अँबॉयचं राज्य' म्हणत. बापाला मक्त्याने समुद्रात ढकललं, मुलांनी तोच मक्ता मांडीवर घेतला. कर्नल तेव्हा हयात होता.

आता नाना. १८४५ च्या सुमारास नाना आणि जमशेटजी जीजीभाईंनी मुंबईत रेल्वेसाठी जोर लावला, नाव आणि वजन खर्ची घातलं. पण भांडवल लंडनचं. १८४९ च्या करारात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी मिळाली. तूट पडली तर भरायची हिंदुस्थानच्या महसुलातून. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली तेव्हा आत नाना होते आणि ती हमीही होती. कर्नलला अशी हमी कोणी दिली असती तर त्याला बागेत गोल गोल फिरावं लागलं नसतं. मामा, "कोणी आणली" यापेक्षा "कोणत्या अटीवर आणली" यावर भांडा ना. मेट्रो असो की कोकणची बोट, आजही तोटा झाला तर कोणाच्या खिशातून जाणार हे विचारलं की आपल्याकडे लोक विचारणाऱ्यालाच विकासविरोधी ठरवतात.

(आणि एक बारीक खोच: मुंबई सेंट्रल नानांच्या कंपनीचं नव्हेच. ते दुसऱ्या कंपनीचं, १९३० चं. नाना १८६५ मध्ये गेले. नाना चौकाजवळ आहे, एवढाच काय तो संबंध.)

इथे मात्र सगळं आलबेल आहे असं समजू नका. परदेशात राहून "इकडे बघा, आपल्या माणसांची कशी कदर करतात" असं लिहायची आम्हाला खोडच असते. फेरीत शेजारी बसणाऱ्या एकाला मी स्टीव्हन्सबद्दल विचारलं. "कॉलेजवाला?" एवढंच म्हणाला. टेकडीवरचं ते स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट १८७० चं, कर्नलच्या मुलाने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून उभं राहिलेलं. आपली कितीतरी मुलं तिथे एम.एस.ला येतात.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. मामांचा एका ओळीचा प्रश्न आला: "तिकडच्या स्टेशनला त्याचं नाव आहे का?"

नाही, मामा. स्टेशनचं नाव होबोकेन.

"मग बागेला तरी?"

बागेला आहे.

"बघ!" मामांनी लिहिलं, आणि पुढे तीन अंगठे.