फोटोत तर स्वच्छ दिसतंय!

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये लँडिंगला पाचशे फूट उरलेले, आणि मधल्या मॉनिटरवर पांढरे ठिपके चमचमायला लागले. मग तो काळाच पडला. परत आला तोवर विमान धावपट्टी सोडून शेजारच्या शेतात. आणि नेमके तेव्हाच काका मागे चहाचा कप घेऊन उभे.

"पडलं वाटतं," काका समाधानाने म्हणाले.

असं झालं की जो तो आधी ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, उडवून नव्याने टाकायला सांगतो. त्यात संध्याकाळ जाते. त्याआधी ठिपके चालू असताना एक स्क्रीनशॉट घ्यावा. तो ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीतून निघतो, केबलमधून जातच नाही. बिघाड त्यात उमटला तर दोष सिम्युलेटर, ड्रायव्हर किंवा कार्डाचा. नाही उमटला तर बहुतेक वेळा केबल नाहीतर मॉनिटर. काकांना हे सगळं समजावलं आणि स्क्रीनशॉट दाखवला.

"हा तर स्वच्छ आहे."

"हो ना!"

"मग बिघडलंय काय?"

"केबल."

"अरे, फोटोत चांगलं दिसतंय तर फोटोच लावून ठेव की."

"काका, विमान हलायला नको?"

"हलवलंस की पडतंय."

यावर काय बोलणार?

रिफ्रेश रेट, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, 144 वरून 60 वर आणला. ठिपके गायब. म्हणजे लांबलचक डिस्प्लेपोर्ट केबलला तेवढा डेटा झेपत नव्हता. 4के मॉनिटर 144 वर चालवायचा तर आखूड आणि खरोखर प्रमाणित केबलच घ्यावी. खोक्यावर '8के' छापायला मात्र कुणी कुणाला अडवत नाही, आणि हा भुर्दंड आपल्याच माथी!

दुसरं दुखणं स्क्रीनशॉटमध्येही होतं. उंची दाखवणारे आकडे बदलताना मागे शेपटी सोडत होते. हा डीएलएसएसचा प्रताप. तो कमी रिझोल्यूशनचं चित्र मागच्या फ्रेम्सच्या आधाराने मोठं करतो, आणि कॉकपिटच्या स्क्रीनवर झरझर बदलणारे आकडे त्याच्या हिशेबात नीट बसत नाहीत. काकांनी तेवढ्यात स्वतःचा चष्मा काढून पुढे केला. "लावून बघ, तुझा नंबर वाढलाय."

डीएलएसएसऐवजी टीएए (चित्राच्या कडा गुळगुळीत करणारी पद्धत) निवडून रेंडर स्केल 100 केला, म्हणजे चित्र पूर्ण रिझोल्यूशनलाच काढायला लावलं. आकडे कोरल्यासारखे दिसू लागले, पण मोठ्या विमानतळावर फ्रेम रेट (सेकंदाला तयार होणारी चित्रं) घसरला, म्हणून ढग 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणावे लागले. एवढं महागडं कार्ड घेऊनही हीच काटकसर.

काका कप ठेवून पडद्याजवळ वाकले. "ढग मात्र मघाशी बरे होते हं."