15 किलोमीटरच्या आतलं डोकं

ऊन तापायला लागलं की एक मेसेज न चुकता फिरतो. यंदा तो आमच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडल्याच्या तीन खुणा करून. मजकूर असा: महापालिका हद्दीत, 15 किलोमीटरच्या आत हेल्मेट लागत नाही, कोर्टानं सक्ती रद्द केलीय, हेल्मेटनं मान मोडते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि मराठवाड्याच्या उन्हात चक्कर येऊन माणूस पडतो. मी परभणी–गंगाखेड अपडाऊन करणारा मास्तर, दाजी गावातल्या गावात घर ते दुकान. उत्तर देणं भाग होतं.

कोर्टाचं आधी, कारण ते लगेच मिटतं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 129. त्यात 'सार्वजनिक ठिकाणी' असं म्हटलंय. हद्द, किलोमीटर, वेग यातलं काहीच नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मागं बसलेलं चार वर्षांपुढचं पोरगंही त्यात आलं. तो आदेश खोटा असल्याचं केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं, म्हणजे पीआयबीनं सांगूनही मेसेज काही मरत नाही.

पण दाजींच्या मनात कायदा नसतोच. 'इथल्या इथं तर जायचंय, तीस-चाळीसनं चालवतो,' हे असतं. मग हिशेब करू. ताशी 30 नं जाऊन एखाद्या उभ्या वस्तूवर डोकं आदळणं म्हणजे साडेतीन मीटरवरून पडणं, गावाकडच्या माळवदावरून म्हणा. 40 ला ते सव्वासहा मीटर होतं, म्हणजे दुमजली घराची गच्ची. माळवदावरून डोक्यावर पडा म्हटलं तर दाजी पडतील का?

आणि उभ्या वस्तूंची आपल्याकडं काय कमतरता? दिवाळीनंतर साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की उसाच्या डबल ट्रॉल्या निघतात. मागं ना लाइट, ना रेडियम. समोरून येणारा अप्पर लाइट डोळ्यात मारतो आणि तेवढ्या आंधळ्या सेकंदात ट्रॉली पुढ्यात येते. ती पंक्चर झाली तर रस्त्यातच उभी, मागं चार धोंडे मांडून. ट्रॉली जाते, धोंडे तिथंच राहतात. वाटेत पोखर्णीच्या पुढं एका रात्री अशाच ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस माझ्या हेल्मेटला घासून गेला. काचेवरचा ओरखडा अजून आहे, डोळ्याच्या बरोबर समोर. गावात ट्रॉली कमी, पण पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर, आडवं आलेलं कुत्रं आणि वळणावर सांडलेली गिट्टी हे 15 किलोमीटरच्या आतलंच आहे.

मानेची भीती हवेतून आलेली नाही. 1986 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासानं तसं म्हटलं होतं. त्याच्या पद्धतीवर पुढं बरीच टीका झाली. 2011 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी 40,000 हून जास्त अपघातग्रस्तांच्या नोंदी तपासल्या, तर हेल्मेटवाल्यांत मानेच्या मणक्याला इजा होण्याचा धोका 22 टक्क्यांनी कमी निघाला. मेसेज मात्र 1986 लाच मुक्कामाला आहे.

हॉर्नचं काय सांगावं! कॅलिफोर्नियात 900 अपघातांची जागेवर पाहणी करून 1981 मध्ये निघालेल्या हर्ट अहवालातही हेल्मेटमुळं रस्त्यावरचे महत्त्वाचे आवाज बुडतात असं आढळलं नाही. आणि हॉर्नची काळजी करणारेच मान वाकडी करून खांद्यात मोबाइल दाबून चालवतात.

उन्हाला मात्र मी अर्धे मार्क देतो. मे महिन्यात दुपारी दोनला हेल्मेटमध्ये डोकं शिजतं, घाम भुवईवरून डोळ्यात उतरतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणून काही थंड वाटत नाही. पण चक्कर येते ती अंगातलं पाणी कमी झाल्यानं आणि तापल्यानं. उघडं डोकं तर थेट उन्हात. हेल्मेट ऊन अडवतं, वारा मात्र हवा तेवढा येऊ देत नाही, हे मान्य. म्हणून आत पातळ सुती दस्ती बांधायची. जाड उपरणं नको, त्यानं हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही. गाडी उन्हात लावली तर हेल्मेट सोबत घेऊन जायचं, आणि निघण्याआधी तांब्याभर पाणी.

दाजींकडं हेल्मेट नाही असं नाही. आहे, आरशाला लटकलेलं. रस्त्याकडेला अडीचशेला घेतलेलं, आत नुसता स्पंज. डोकं वाचवतो तो दडस थर्माकोल. तो स्वतः चेपून धक्का खातो, तेही एकदाच. 1 जून 2021 पासून आयएसआय मार्काशिवाय हेल्मेट विकता येत नाही, तरी विकलं जातंच. पोलीस दिसला की दाजी ते डोक्यावर ठेवतात. पट्टा कधीच लावत नाहीत, म्हणजे पडताना आधी हेल्मेट जाणार आणि मागून दाजी.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. तासाभरानं दाजींचं उत्तर आलं, "सगळं बरोबर आहे मास्तर, पण केस गळतात त्याचं काय?"

ताईच्या लग्नाच्या एकाही फोटोत दाजींनी फेटा काढलेला नाही.