नवी कंपनी आली म्हणून तुमचं नेट स्वस्त होत नाही

सध्या एक मेसेज खूप फिरतोय. त्याचा आशय असा: ब्रॉडबँडमध्ये नव्या कंपन्या उतरताहेत, मक्तेदारी संपली, आता स्पीड दुप्पट आणि बिल निम्मं. जुन्या कंपनीला नाइलाजाने दर पाडावे लागतील. नाही पाडले, तर ५जी आणि सॅटेलाइट आहेतच. म्हणून सध्याचा प्लॅन रिन्यू करू नका, थांबा.

स्पर्धा हवीच. ती नसते तिथे ग्राहकाला कुणी विचारत नाही, हे मलाही मान्य आहे. पण स्पर्धा नेमकी कशावर अडते हेच हा मेसेज सांगत नाही. लोक जाहिरातीतल्या नव्या नावाकडे बघत बसतात आणि खरी अडचण आहे तशीच राहते. म्हणून त्यातला एकेक दावा घेतो.

“कंपन्या वाढल्या की दर पडतातच.”

घरापर्यंत येणारी तार कुणाची आणि ती इतरांना वापरू द्यायची सक्ती आहे का, यावर ते ठरतं. फ्रान्समध्ये ‘फ्री’ नावाच्या नव्या कंपनीने २००२ मध्ये महिना २९.९९ युरोत ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली आणि पुढे त्याच पैशात फोन आणि टीव्हीही दिला. सगळ्या बाजाराला त्या दराच्या आसपास यावं लागलं. पण ‘फ्री’ने त्यासाठी घरोघरी नवी तार ओढली नव्हती. जुन्या सरकारी टेलिफोन कंपनीची तांब्याची तार नियामकाने ठरवलेल्या भाड्यात द्यावी लागत होती. ‘फ्री’ने एक्स्चेंजमध्ये आपली यंत्रं बसवली आणि तीच तार वापरली.

अमेरिका उलट्या दिशेने गेली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने तिथेही जुन्या टेलिफोन कंपन्यांना आपलं जाळं प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने देणं भाग पाडलं होतं. २००५ मध्ये नियामकाने टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडवरून ती सक्ती उठवली. दुसऱ्याच्या तारेवर उभ्या असलेल्या छोट्या कंपन्यांच्या पायाखालची जमीन गेली आणि असंख्य घरांसमोर एक टेलिफोन कंपनी आणि एक केबल कंपनी एवढेच पर्याय उरले. अडचण परवान्यांची नव्हती, तारेची होती.

यावर वेगवेगळी उत्तरं निघाली आहेत. ब्रिटनमध्ये २००६ साली ‘बीटी’ या जुन्या टेलिफोन कंपनीच्या तारा आणि खांब सांभाळायला ‘ओपनरीच’ हा वेगळा विभाग झाला, त्याने सगळ्या कंपन्यांना सारखंच वागवायचं. न्यूझीलंडने २०११ मध्ये टेलिफोन कंपनीचे सरळ दोन तुकडे केले. तारा ‘कोरस’कडे गेल्या आणि तिला घरगुती ग्राहकांना इंटरनेट विकायला मनाई केली. स्टॉकहोमच्या नगरपालिकेने तर १९९४ मध्येच ‘स्टोकॅब’ ही स्वतःची कंपनी काढली. ती फायबर टाकते आणि मागेल त्या कंपनीला भाड्याने देते. मला हा मार्ग सगळ्यांत पटतो, कारण यात रस्ता एकदाच खोदायचा असतो.

“नव्या कंपनीकडे अमाप पैसा आहे, ती स्वतःची फायबर टाकेल.”

पैशाने हे काम झालं असतं तर गूगलने केव्हाच केलं असतं. ‘गूगल फायबर’ने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १ जीबीपीएसची, म्हणजे १,००० एमबीपीएसची सेवा सुरू केली, तेव्हा असाच उत्साह होता. पुढे नॅशव्हिल शहरात काम खांबांवर अडलं. विजेच्या खांबावर वरच्या बाजूला विजेच्या तारा असतात, त्याखाली सुरक्षित अंतर सोडून टेलिफोन आणि केबलवाल्यांच्या. नव्या कंपनीला जागा द्यायची तर आधीच्यांनी आपापली तार थोडी वर-खाली सरकवायला हवी. पद्धत अशी की प्रत्येक जण आपलाच माणूस पाठवणार, एकाचं झालं की दुसऱ्याचं. म्हणजे एका खांबासाठी अनेक फेऱ्या, आणि ज्यांनी तार हलवायची तेच प्रतिस्पर्धी. त्यांना कसली घाई?

२०१६ मध्ये नॅशव्हिलने नियम केला की एकाच मान्यताप्राप्त कंत्राटदाराने एका फेरीत सगळ्यांच्या तारा सरकवाव्यात. ‘एटी अँड टी’ ही टेलिफोन कंपनी आणि ‘कॉमकास्ट’ ही केबल कंपनी कोर्टात गेल्या आणि २०१७ मध्ये तो नियम रद्द झाला. देशपातळीवर तसा नियम २०१८ मध्ये आला, पण गूगलने नव्या शहरांतला विस्तार २०१६ च्या ऑक्टोबरमध्येच थांबवला होता. लुइव्हिलमध्ये खोदाईचा वेळ आणि खर्च वाचवायला रस्त्यात अगदी उथळ चर पाडून फायबर टाकली. ती वर येऊ लागली आणि २०१९ मध्ये त्या शहरातून कंपनीने गाशा गुंडाळला.

म्हणून नवी कंपनी येणार असं कळलं की पहिला प्रश्न खांब, जमिनीखालचे डक्ट (तारांसाठीचे पाइप) आणि खोदाईच्या परवानगीचा विचारावा. ते डक्ट दुसऱ्याला भाड्याने मिळतात का? परवानगीला मुदत आहे का? हे ठरवणारे नियामक आणि पालिका असतात, आणि त्यांना जाब विचारता येतो.

“जुन्या कंपनीला दर पाडावेच लागतील.”

हा दावा अर्धा खरा आहे, आणि खरा आहे तिथे मोठ्या फायद्याचा. एप्रिल २०१३ मध्ये गूगलने आपली फायबर ऑस्टिन शहरात नेणार असं जाहीर केलं, त्याच दिवशी ‘एटी अँड टी’नेही तिथे १ जीबीपीएस देण्याचा इरादा जाहीर केला. पण तो ऑस्टिनसाठी. जुनी कंपनी हलते ती प्रतिस्पर्ध्याची तार पोचते त्या गल्ल्यांपुरती. पलीकडच्या वस्तीत दर तोच राहू शकतो.

शिवाय ही स्पर्धा टिकेलच याची खात्री नसते. दक्षिण कोरियात १९९८ मध्ये ‘थ्रूनेट’ आणि १९९९ मध्ये ‘हानारो’ या नव्या कंपन्या उतरल्या, जुन्या ‘कोरिया टेलिकॉम’ला जाग आली आणि काही वर्षांतच तो देश ब्रॉडबँडमध्ये जगात पुढे गेला. २००५ मध्ये ‘हानारो’ने ‘थ्रूनेट’ घेतली, २००८ मध्ये ‘एसके टेलिकॉम’ने ‘हानारो’. विलीनीकरणाला मंजुरी देणाऱ्यांवर लक्ष ठेवणं हेही स्पर्धा टिकवण्याचंच काम आहे.

“स्पीड दुप्पट होईल.”

प्लॅनवरचा आकडा दुप्पट होईल. रात्री नऊ वाजता काय मिळेल ते वेगळं. घराघरांत फायबर देण्याची सर्वाधिक चालणारी पद्धत जीपॉन. तिच्यात कंपनीकडून एक फायबर येते आणि खांबावरच्या किंवा जिन्यातल्या छोट्या डब्यात स्प्लिटर लावून ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. सगळ्यांत मिळून डाउनलोडला सुमारे २.५ जीबीपीएस. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ओढलं तर वाट्याला ७८ एमबीपीएस येतात, ६४ घरांनी ओढलं तर ३९. प्रत्यक्षात सगळे एकदम ओढत नाहीत, म्हणून ही विभागणी चालते आणि त्यात लबाडी नाही. पण स्प्लिटरच्या मागे, बाहेरच्या इंटरनेटपर्यंत कंपनीने किती क्षमता घेतली आहे हे जाहिरातीत येत नाही, आणि रात्रीचं बफरिंग अनेकदा तिथूनच येतं. कंपनी नवी असली तरी हे गणित बदलत नाही.

तपासायचं तर राउटरला लॅन केबलने लॅपटॉप जोडून, एकदा सकाळी आणि एकदा रात्री स्पीड टेस्ट घ्या. वायफायवर घेतलेली टेस्ट कंपनीबद्दल फार काही सांगत नाही. दाट वस्तीत वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांना न भिडणारे चॅनेल जेमतेम तीन, आणि शेजारची सगळी राउटरं त्यावरच बोलत असतात. केबलवर दोन्ही वेळा स्पीड पूर्ण येत असेल तर अडचण घरातली आहे, कंपनी बदलून ती सुटणार नाही. अपलोडचा आकडाही बघा, व्हिडिओ कॉल त्यावरही अडतो.

“नाहीतर ५जी आणि सॅटेलाइट आहेतच.”

तार पोचतच नाही तिथे दोन्ही वरदान आहेत. दाट वस्तीत मात्र एका टॉवरच्या टप्प्यातली सगळी घरं तेच स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचा तोच पट्टा वाटून घेतात, आणि ५जीच्या सर्वांत वेगवान लहरी भिंतीपाशीच अडखळतात. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणारे ‘स्टारलिंक’चे उपग्रह जुन्या, ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहांपेक्षा कितीतरी चटकन प्रतिसाद देतात, पण एका भागावरची क्षमता तिथेही वाटलीच जाते.

“रिन्यू करू नका, थांबा.”

किती दिवस? तुमच्या इमारतीत नव्या कंपनीची तार कधी येणार हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसतं. त्यापेक्षा कमी मुदतीचा प्लॅन घ्या, म्हणजे बदलायची वेळ आली की हात मोकळे राहतील. नव्या कंपनीला सवलतीचा दर किती महिने आणि नंतर किती, राउटर परत द्यायचा का, मध्येच सोडलं तर दंड किती, हे लेखी विचारा. आणि इमारतीने एखाद्या कंपनीशी ‘फक्त तुम्हीच’ असा करार केला आहे का, ते बघा. अमेरिकेत केबल कंपन्यांचे टीव्ही सेवेसाठीचे असे करार २००७ मध्ये नियामकाला बंद करावे लागले, कारण गल्लीत चार कंपन्या असूनही आतल्या भाडेकरूला एकच मिळत होती. तुमच्याकडे असा करार असेल तर सोसायटीच्या पुढच्या बैठकीत तो विषयपत्रिकेवर घ्यायला लावा.