वाक्य तयार आहे, बोलू का?

चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी वाक्य आधी मनात म्हणून बघतो. त्यातला बोचरा शब्द काढतो, विनोद शेवटाला सरकवतो, आणि 'त्यावरून आठवलं' असं म्हणून तोंड उघडेपर्यंत गप्पा राजकारणावरून गुडघेदुखीवर गेलेल्या असतात.

यात माझा दोष कमी, गणिताचा जास्त. २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात, असं त्यात दिसलं. उलट समोरच्या चित्रातल्या वस्तूचं नुसतं नाव घ्यायला माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच प्रत्येक जण आपलं उत्तर जुळवत असतो. 'तुझं माझ्या बोलण्याकडे लक्ष नाही' या घरगुती आरोपावर मी हा आकडा एकदा सांगून पाहिला. आरोप कायम राहिला, वर आकड्याचाही राग आला.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, तेव्हा तोवर विचार करायला सवड मिळेल, असं वाटतं. कसली सवड! 'साहेबांनी' म्हणून बसलो की 'रागावले' हे दार बंद. 'झापलं' चाललं असतं, पण समोर साहेबांच्या पत्नी बसलेल्या. मग 'साहेबांनी तीव्र नाराजी व्यक्त केली' असं वर्तमानपत्री काहीतरी बाहेर पडतं आणि सगळे माझ्याकडे बघतात.

लिंगाचं तर विचारूच नका. 'तुमची ती... अहो ती!' इथे वस्तू स्त्रीलिंगी आहे हे पक्कं, नाव मात्र बेपत्ता. शब्द जिभेवर अडकलेला असताना त्याचं लिंग बऱ्याचदा बरोबर ओळखता येतं, हे इटालियन बोलणाऱ्यांवरच्या प्रयोगात दिसलंय. तेवढाच दिलासा. पण छत्रीऐवजी 'पाकीट' आठवलं तर 'तुमची'चं काय करायचं?

आणि काही माणसं असतात, जी क्रियापदाचा पत्ता नसताना बेधडक वाक्य सोडतात. 'काय आहे ना', 'म्हणजे बघा' करत चालता चालता त्यांना ते सापडतंही. आभारप्रदर्शन नेहमी यांच्याकडेच. असा वक्ता मध्येच अडखळला की मी खुर्चीत बसल्या बसल्या मनातल्या मनात त्याला नेमकं क्रियापद पुरवतो. तो भलतंच घेतो आणि टाळ्या मिळवतो.